काच जुनी, यंत्रणा नवी

कर्जत आणि खालापूर तालुक्यांत आता वर्षभर कुठे ना कुठे कॅमेरा लागलेला असतो. चौकजवळच्या एन. डी. स्टुडिओत ऐतिहासिक मालिका, नेरळच्या बाजूला गाणी, फार्महाउसवर वेब सिरीज, पावसाळ्यात धबधब्यांवर प्री-वेडिंग. या साऱ्या युनिटांमध्ये एक मागणी हमखास ऐकू येते : ‘लूक जरा विंटेज पाहिजे.’ मागणी रास्त आहे. आजचा सेन्सर आणि आजची लेन्स मिळून चिकटवलेल्या दाढीची जाळी दाखवतात, मेकअपची कड दाखवतात, दगडी म्हणून रंगवलेल्या प्लायवूडचा सांधाही दाखवतात. वाडा अठराव्या शतकातला आणि चित्र कालच्या बातम्यांसारखं, असं होतं.

पण ही मागणी ऐकून अनेक तरुण छायाचित्रकार चोरबाजारातून किंवा ऑनलाइन एखादी जुनी फोटोग्राफीची लेन्स घेतात, अडॅप्टर लावतात आणि थेट सेटवर येतात. मग अर्धा दिवस फोकस सापडत नाही, दिग्दर्शक चिडतो, शेवटी रेंटलची नेहमीची लेन्स चढते आणि विंटेजचा विषय कायमचा बंद होतो. दोष जुन्या काचेचा नसतो, ती ज्या नळकांड्यात बसलेली असते त्याचा असतो. म्हणून या लेखात सांगायचं आहे ते इतकंच : स्वभाव जुन्या काचेचा घ्या, यंत्रणा मात्र आजचीच हवी असा हट्ट धरा, आणि काचेचा स्वभाव शूटिंगच्या आधी तपासून, लिहून ठेवा.

जुन्या लेन्सचं चित्र वेगळं का दिसतं, ते आधी समजून घेऊ. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो. असे दहा पृष्ठभाग असतील तर जेमतेम दोन तृतीयांश प्रकाश सरळ पार होतो. उरलेला काही बाहेर जातो, काही आतल्या आत आपटत राहतो आणि चित्राच्या काळ्या भागांवर पातळ पडदा घालतो. सावल्या उचललेल्या दिसतात, दिव्याभोवती वलय येतं, ते याच भटक्या प्रकाशामुळे. १९३५ मध्ये झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी परावर्तन कमी करणाऱ्या लेपाचं पेटंट घेतलं. पुढे एकपदरी लेप आले, मग बहुपदरी, आणि हे परावर्तन अर्ध्या टक्क्याच्याही खाली गेलं. काळा रंग खरोखर काळा दिसू लागला. याशिवाय जुन्या रचनेत कडेची तीक्ष्णता मधल्याइतकी नसते, फोकसची पातळी सपाट न राहता वाकते, आणि फोकसबाहेरची पार्श्वभूमी हळुवार विरघळते.

सिनेमाच्या इतिहासात या स्वभावाचं सर्वांत लाडकं नाव म्हणजे कुक स्पीड पँक्रो. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या टेलर, टेलर अँड हॉब्सन कंपनीचे होरेस ली यांनी १९२० मध्ये एफ/२ची ‘ओपिक’ ही रचना केली; स्पीड पँक्रो तिच्याच वंशातली. बोलपट आले तेव्हा गुणगुणणारे आर्क दिवे माइकला चालेनात. शांत पण मंद दिव्यांवर काम भागवायचं तर जास्त प्रकाश घेणारी लेन्स हवी होती, आणि ती गरज या लेन्सनी भागवली. पुढे १९७० च्या दशकात कॅननच्या के-३५ आल्या. त्याही आज तितक्याच मागणीत आहेत, शिवाय मोठ्या सेन्सरलाही पुरतात.

आता यंत्रणेकडे येऊ. खरी अडचण इथेच आहे आणि तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं.

एक उदाहरण घ्या. वाड्याच्या सेटवर रात्रीचा प्रसंग आहे. नटी समई घेऊन दहा फुटांवरून चालत येते आणि कॅमेऱ्यापासून सहा फुटांवर थांबते. ५० मिमी लेन्स, सुपर ३५ सेन्सर, छिद्र २ च्या आसपास. सहा फुटांवर तुमच्या हाती फोकसची खोली येते पाच इंचांच्या आसपास. ती नाकापासून कानापर्यंत पुरते, पण नटी अर्धं पाऊल पुढे आली की डोळे गेले. या दहा ते सहा फुटांच्या चालीत लेन्सची काच प्रत्यक्षात सरकते किती? जेमतेम अर्धा मिलिमीटर. फोटोच्या लेन्सवर, जिची रिंग १८० अंशांत अनंतापासून दीड फुटापर्यंत येते, हा अर्धा मिलिमीटर रिंगच्या पंधरा-सोळा अंशांत संपतो. म्हणजे फोकस पुलरने बोटभर रिंग फिरवायची आणि त्यातही मधले थांबे अचूक पकडायचे. सिनेमाच्या लेन्सवर रिंग २७० ते ३०० अंश फिरते आणि सहा-सात-आठ-दहा फुटांच्या खुणांमध्ये जागा ऐसपैस असते. हा फरक हाताला कळतो तेव्हाच कळतो.

फोटोच्या जुन्या लेन्समध्ये काच पुढे-मागे नेणारी रचना आट्यांची असते. आट्यांत ग्रीस असतं. वर्षानुवर्षांनी ते एक तर चिकट होतं किंवा उन्हाळ्यात पातळ होऊन छिद्राच्या पात्यांवर उतरतं. आटे झिजले की फोकसची दिशा बदलताना काच किंचित डुलते आणि पडद्यावर संपूर्ण चित्र एका बाजूला उडी मारतं. रीहाउसिंग करणारे कारागीर काचेचे गट या नळकांड्यातून बाहेर काढतात आणि नव्या धातूच्या घरात बसवतात. काच सरकवायला खाचेवर चालणारी कॅम यंत्रणा किंवा नवे, घट्ट आटे, छिद्राला टकटक न होणारी सलग रिंग, दोन्ही रिंगांवर ०.८ मॉड्यूलचे दाते, पुढे साऱ्या संचाला एकसारखा व्यास म्हणजे मॅट बॉक्स प्रत्येक वेळी बदलावा लागत नाही, आणि मागे पीएल माउंट. छिद्रावर एफ नव्हे तर टी आकडे, म्हणजे काचेतून प्रत्यक्षात पोचणाऱ्या प्रकाशाचा हिशेब. लेस्टरजवळची टीएलएस आणि जर्मनीतली पी+एस टेक्निक ही या कामातली जुनी, भरवशाची नावं. युक्रेनची आयर्नग्लास सोव्हिएत काळातल्या लेन्स अशा नव्या घरात बसवते. ‘ड्यून : पार्ट टू’ (२०२४) च्या चित्रीकरणात छायाचित्रकार ग्रेग फ्रेझर यांनी त्या वापरल्या.

काच मिळवणं सोपं आणि बसवणं अवघड असतं, याचा सर्वांत मोठा दाखला स्टॅन्ली कुब्रिक यांच्या ‘बॅरी लिंडन’चा (१९७५). नासासाठी बनवलेल्या झाइसच्या ५० मिमी एफ/०.७ लेन्स त्यांनी मिळवल्या, पण त्या सिनेमाच्या कॅमेऱ्यावर बसतच नव्हत्या. एड डिज्युलिओ यांना मिचेल कॅमेऱ्यात फेरफार करून त्या बसवाव्या लागल्या, फोकसची यंत्रणा आणि खुणा नव्याने कराव्या लागल्या. इतकं करूनही मेणबत्त्यांच्या उजेडात फोकसची खोली इतकी कमी होती की नटांचं अंतर समजावं म्हणून बाजूने, काटकोनात, एक व्हिडिओ कॅमेरा लावला होता. समईच्या उजेडात शिवकाळ उभा करू पाहणाऱ्या प्रत्येकाने ही हकीकत आपल्या फोकस पुलरला सांगावी आणि त्याला रिहर्सलसाठी वेळ मागून द्यावा.

आपल्याकडे यंत्रणा स्वतः घडवण्याची परंपरा आहे. बाबूराव पेंटर यांनी १९१८ च्या सुमारास कोल्हापुरात स्वतःचा कॅमेरा तयार केला, हे मराठी सिनेमावाल्यांना सांगायला नको. आजही फोकस रिंगवर दात्यांची पट्टी बसवणं, अडॅप्टरला आधार देणारा कंस बनवणं अशी कामं चांगल्या वर्कशॉपमधून बिनदिक्कत करून घ्या. काचेचे गट मात्र तिथे उघडू देऊ नका. दोन काचांमधली एक पातळ चकती इकडची तिकडे झाली की ती लेन्स पूर्वीसारखं चित्र देत नाही.

तुमच्यासाठी कोणता मार्ग

बजेट असलेली मालिका किंवा चित्रपट असेल तर मी रीहाउस केलेल्या संचाआधी नव्याने बनवलेल्या जुन्या स्वभावाच्या लेन्स बघायला सांगेन. कुकने २०१६ मध्ये पँक्रो/आय क्लासिक ही मालिका आणली. चित्र जुन्या स्पीड पँक्रोचं, घर आजचं, छिद्र टी २.२, शिवाय फोकस-छिद्राची माहिती कॅमेऱ्यापर्यंत पोचवणारी /आय व्यवस्था. सिग्माने २०१९ मध्ये लेप मुद्दाम काढून टाकलेल्या काचांच्या क्लासिक लेन्स काढल्या. त्याच वर्षी कॅननच्या सुमिरे आणि झाइसच्या सुप्रीम रेडियन्स आल्या. यांचा मोठा फायदा म्हणजे संचातली प्रत्येक लेन्स दुसरीशी जुळते. खऱ्या जुन्या संचात ३२ एका दशकातली आणि ७५ दुसऱ्या दशकातली असू शकते. एक पिवळसर, दुसरी निळसर. दोनशे भागांच्या मालिकेत ही डोकेदुखी नको.

एखादाच चित्रपट आहे, छायाचित्रकाराला स्वतःचा ठसा हवा आहे आणि चाचणीला दोन दिवस आहेत, तर रीहाउस केलेला संच जरूर घ्या. जुन्या काचेत जो बेशिस्त गोडवा असतो, तो नव्या लेन्समध्ये पूर्ण येत नाही, असं माझं मत आहे. फक्त सेन्सरचा आकार आधी विचारा. स्पीड पँक्रोच्या रुंद लेन्स ३५ मिमी फिल्मच्या चौकटीसाठी बनलेल्या. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर कोपरे काळे येतील.

आणि शॉर्ट फिल्म पदरच्या पैशाने करत असाल तर? हेलिओस ४४-२ घ्या, ५८ मिमी एफ/२, झाइसच्या बायोटारवरून सोव्हिएत कारखान्यांनी बनवलेली. पार्श्वभूमी भोवऱ्यासारखी फिरते ती हीच. तो भोवरा चौकटीच्या कडांना असतो, तेव्हा फुल फ्रेमवर भरपूर दिसतो आणि छोट्या सेन्सरवर निम्मा कापला जातो. तिचा एम४२ माउंट सेन्सरपासून ४५.४६ मिमीवर बसतो आणि कॅननचा ईएफ ४४ मिमीवर, म्हणून साधा अडॅप्टर चालतो. कॅननच्या जुन्या एफडी लेन्स ४२ मिमीच्या; त्या ईएफ कॅमेऱ्यावर काचेच्या अडॅप्टरशिवाय अनंतापर्यंत पोचत नाहीत. सोनी ई माउंट १८ मिमीवर असल्यामुळे त्यावर या दोन्ही चालतात. अशी लेन्स स्थिर शॉटला आणि क्लोजअपला ठेवा, चालत्या माणसामागे नको. पैसे त्याहूनही कमी असतील तर स्वच्छ आधुनिक लेन्सवर ब्लॅक प्रो-मिस्टचा १/८ फिल्टर लावा. वलय मिळेल, सावल्या थोड्या उचलल्या जातील. कडांचं विरघळणं मिळणार नाही, पण एकही शॉट वाया जाणार नाही.

इथला उजेड

कर्जत-खालापुरात ऋतू बघूनच लेन्स ठरवली पाहिजे. मुंबईहून येणाऱ्या युनिटांना हे लवकर पटत नाही.

मार्च ते मे या काळात इथलं ऊन उभं आणि कडक असतं. सह्याद्रीचे कडे पांढुरके, झाडाखाली घट्ट काळं. अशा वेळी कमी कॉन्ट्रास्टची जुनी काच वरदान ठरते, कारण भटक्या प्रकाशाने सावल्या उचलल्या जातात आणि नाकाखालची काळी रेघ सौम्य होते. पण याच दिवसांत शेतकरी राब भाजतात आणि संध्याकाळी खोऱ्यात धूर साचतो. त्या धुरात सूर्यासमोर जुनी लेन्स धरली तर चित्र अक्षरशः पांढरं होतं. त्या तासाला नवी, स्वच्छ लेन्स काढा.

पावसाळ्यात उलट. जुलैमध्ये माथेरानच्या पायथ्याशी उजेड चोहोबाजूंनी सारखा येतो, ढग उतरलेले, हवेतच कॉन्ट्रास्ट नसतो. त्यावर लेपहीन लेन्स लावली तर हिरवा रंग राखाडी होतो आणि चित्र चिखलासारखं मऊ पडतं. त्याला विंटेज म्हणणं चूक आहे. ते फक्त मेलेलं चित्र असतं. पावसाळ्यासाठी एकपदरी लेपाची, थोडा जास्त कॉन्ट्रास्ट असलेली जुनी लेन्स निवडा, छिद्र २.८ ते ४ पर्यंत बंद करा, आणि पाठीमागून थोडा दिवा द्या म्हणजे पावसाच्या धारा उठतील. करड्या पावसाळी उजेडात चेहरे कसे जिवंत ठेवावेत हे पाहायचं तर अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ पुन्हा बघा.

स्टुडिओतल्या सेटचा विचार वेगळा. नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये उभारलेल्या एन. डी. स्टुडिओत ‘जोधा अकबर’चा (२००८) भव्य सेट लागला, ‘राजा शिवछत्रपती’ मालिका झाली, ‘प्रेम रतन धन पायो’चा (२०१५) शीशमहाल उभा राहिला. आता हा स्टुडिओ महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाकडे आहे. मशाली, समया, झुंबरं, आरसे, सोनेरी कलाबूत यांनी भरलेल्या अशा सेटवर जुन्या लेन्सचे फ्लेअर फार सुंदर येतात. आणि नको तिथेही येतात. चौकटीबाहेरच्या एका दिव्याची तिरीप नटाच्या चेहऱ्यावर पडदा टाकू शकते. तेव्हा लाइटमनकडे काळे कटर जास्त मागा आणि मॅट बॉक्सच्या वरची फळी कधीही काढून ठेवू नका. सेटचा वरचा भाग संगणकावर वाढवायचा असेल तर प्रत्येक लेन्सने चौकटींचा तक्ता चित्रित करून व्हीएफएक्सवाल्यांना द्या; जुन्या काचेत सरळ रेषा वाकतात आणि ते वाकणं कागदावर कुठेही नोंदलेलं नसतं.

चाचणी

रेंटलमध्ये लेन्स हातात आली की आधी मोबाइलचा टॉर्च मागून तिरका मारा आणि समोरून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर बुरशी आहे. ती लेन्स परत करा. धुरकट पडदा दिसला तर तेलाची वाफ किंवा जुना लेप. कडेला इंद्रधनुषी कडं दिसलं तर दोन काचांमधला चिकटा सुटतो आहे. पुढच्या काचेवरच्या बारीक ओरखड्याने फारसं बिघडत नाही, मागच्या काचेवरचा ओरखडा मात्र दिसतो. सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४ सारख्या काही जुन्या लेन्समध्ये थोरियमयुक्त काच असते आणि ती वर्षांनी पिवळी पडते. अतिनील प्रकाशात काही दिवस ठेवल्यावर पिवळेपणा बराच उतरतो. व्हाइट बॅलन्स लावून तो झाकत बसण्यापेक्षा हे बरं.

मग कॅमेऱ्यावर लावून फोकस मागे-पुढे करा आणि मॉनिटरच्या कोपऱ्याकडे बघा. चित्र उडी मारतं का? चौकट किती श्वास घेते? टेप लावून तीन, सहा आणि दहा फुटांच्या खुणा खऱ्या आहेत का ते पाहा. एक माणूस उभा करा, शक्यतो तोच नट आणि तीच वेशभूषा, आणि पेटता दिवा चौकटीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्या. प्रत्येक छिद्रावर दहा सेकंद. पूर्ण उघडं, मग २.८, मग ४. बहुतेक जुन्या लेन्सचा स्वभाव उघड्या छिद्रावर दाट असतो आणि ४ पर्यंत बराच ओसरतो. तुम्हाला हवा तो टप्पा ठरवा आणि त्या प्रसंगासाठी छिद्र बदलू नका, प्रकाश बदला.

लोकेशनवर पोचल्यावर बॅक फोकस पुन्हा तपासायचा. पीएल माउंटचं अंतर ५२ मिमी असतं. आतल्या गावरस्त्यांवरून गाडी हादरत आल्यावर एखादा स्क्रू सैल होऊन त्यात ०.०५ मिमीचा फरक पडला, तर १८ मिमी लेन्सची अनंताची खूण प्रत्यक्षात साडेसहा मीटरवर येऊन थांबते. १०० मिमी लेन्सला तोच फरक दोनशे मीटरवर आणतो. रुंद लेन्स आधी बिघडते, आणि छोट्या मॉनिटरवर ते दिसत नाही. चौक परिसरात असाल तर इर्शाळगडाच्या नेढ्यावर लेन्स लावा आणि चित्र मोठं करून बघा. नेढ्याची कड अनंताच्या खुणेवर स्पष्ट येत नसेल तर कॅमेरा अटेंडंटला सांगा, त्या लेन्सने त्या दिवशी रुंद शॉट घेऊ नका.

पावसाळा आणि बुरशी

या भागात लेन्सचा खरा शत्रू दमट हवा आहे. हॉटेलच्या एसी खोलीतून किंवा थंड गाडीतून काढलेली लेन्स बाहेर उघडली की क्षणात काचेवर दव जमतं, आणि जुन्या काचेत ते आतल्या पृष्ठभागांवरही बसतं. पेटी बंद ठेवूनच बाहेर आणा, हवाबंद पिशवीत असेल तर उत्तम, आणि तासभर तशीच राहू द्या. कॉल टाइम त्या हिशेबाने द्या. दव जमलंच तर हेअर ड्रायर लावू नका; लेन्स उतरवा, टोपणं काढून कोरड्या जागी ठेवा आणि थांबा. रीहाउस केलेली लेन्स नवी दिसते म्हणून ती पाण्यालाही दाद देत नाही असं समजू नका. पुढे साधा क्लिअर फिल्टर, वर छत्री, आणि प्रत्येक टेकनंतर बाहेरचा भाग पुसून घेणं हे करावंच लागतं.

पेटीतली सिलिका जेल निळी असेल तर कामाची, गुलाबी झाली की संपली. मंद आचेवर तापवून ती पुन्हा वापरता येते. चामड्याच्या केसमध्ये आणि ओलसर फोममध्ये लेन्स ठेवणं पावसाळ्यात पूर्ण बंद करा. स्वतःची लेन्स असेल तर ड्राय कॅबिनेट घ्या आणि आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. कॅबिनेट परवडत नसेल तर झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक इतकंही पुरतं. बुरशी लागलेली लेन्स इतर लेन्सच्या डब्यात कधीही ठेवू नका.

पॅकअपनंतर कापड लावण्याआधी ब्लोअर आणि ब्रश. इथली लाल माती बारीक असते आणि तिचा कण काचेवर घासला की एकपदरी मऊ लेप कायमचा जातो. मग कॅमेरा रिपोर्टमध्ये त्या दिवशीच्या प्रत्येक शॉटसमोर लेन्सचा क्रमांक, छिद्र आणि फिल्टर लिहिलेला आहे ना ते बघा. फक्त ‘५० मिमी’ लिहून भागत नाही. संचात दोन ५० असतील तर त्यांचा स्वभाव वेगळा असतो, आणि महिन्याभराने तोच प्रसंग पुढे चित्रित करायचा असेल तेव्हा रेंटलकडे नेमकी तीच लेन्स मागावी लागते.